लिनक्स होम सर्व्हरसाठी डिस्क कंट्रोलर कार्ड : काय बघून घ्यावं?

चौथाडिस्क (धागाकर्ता)

घरच्या स्टोरेज सर्व्हरच्या मदरबोर्डवर साटाचे (डिस्क जोडायचे) चारच पोर्ट आहेत आणि चारही भरले. अजून चार डिस्क लावायच्यात, पुढेमागे जास्तही होतील. डेबियन लिनक्स आहे, एमडीएडीएमचा (लिनक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअर रेड, थोडक्यात एमडी) रेड ५ चालू आहे, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो. जमलं तर याच निमित्ताने झेडएफएसवर (डिस्कचा ॲरेही स्वतःच सांभाळणारी फाइल सिस्टम) जाईन म्हणतो. ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे सोळा लेनचा (डेटाच्या सोळा वाटांचा) पीसीआयई स्लॉट रिकामा आहे, शिवाय एक लेनचा छोटाही एक आहे.

शोधायला बसलो तर डोकं गरगरलं. रेड कार्ड, एचबीए, आयटी मोड, साटा एक्स्पान्शन, कुठे सहा पोर्ट, कुठे वीस. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आणि फोटोत सगळी सारखीच. वेगाचं फारसं पडलेलं नाही. मशीन चोवीस तास चालू असतं, ॲरेमधून डिस्क गळायला नको, एवढंच मागणं आहे. अधूनमधून एक डिस्क आताही गळते, म्हणून तर जास्त धास्ती.

जुनं_खोड

पहिली गोष्ट, डब्यावरचं नाव बघू नका, चिप बघा. विक्रेता चिपचं नाव सांगत नसेल तर ते कार्ड घेऊ नका. पुढचं सगळं यातूनच येतं.

दुसरी, हार्डवेअर रेड कार्ड नको. एके काळी त्याला अर्थ होता, आता घरच्या लिनक्स मशीनमध्ये नाही. ते कार्ड ॲरेची माहिती स्वतःच्या पद्धतीने डिस्कवर लिहितं. कार्ड मेलं की त्याच कुळातलं दुसरं शोधत फिरा. एमडीचा ॲरे मात्र कुठल्याही लिनक्स मशीनला जोडा, उभा राहतो. शिवाय रेड कार्डाच्या आड डिस्कचं स्मार्ट (तिच्या तब्येतीची नोंद) सरळ दिसत नाही, कॅशची बॅटरी म्हातारी होते ती वेगळीच कटकट. झेडएफएसला तर मध्ये कुणी लुडबुडलेलं अजिबात खपत नाही, त्याला डिस्क जशीच्या तशी लागते.

म्हणून एचबीए, म्हणजे डिस्क नुसत्या जोडून देणारं कार्ड. एलएसआयचं घराणं त्यात सर्वात मुरलेलं. कंपनी २०१४ मध्ये अवागोने घेतली आणि २०१६ पासून ब्रॉडकॉम हे नाव लागलं, त्यामुळे एकच माल तीन नावांनी दिसतो. चिप तीन लक्षात ठेवा : एसएएस २००८, २३०८ आणि ३००८. एलएसआयच्या स्वतःच्या कार्डांत त्या अनुक्रमे ९२११-८आय, ९२०७-८आय आणि ९३००-८आय. डेलचं पर्क एच२०० आणि एच३१०, आयबीएमचं सर्व्हरेड एम१०१५, ही सगळी २००८च, फक्त अंगरखा वेगळा. तिन्ही चिप आठ पोर्टच्या आणि आठ लेनच्या, एसएएस (सर्व्हरमधल्या) डिस्कही घेतात आणि साटाही. उलटं मात्र नाही, साध्या साटा कार्डाला एसएएस डिस्क चालत नाही.

एसएएस १०६८ई वाली जुनी कार्डं कवडीमोलाने दिसतील. हात लावू नका, २ टीबीच्या पुढची डिस्क त्यांना पूर्ण दिसत नाही.

माझा कौल : २३०८, आयटी मोडमध्ये, म्हणजे रेड न करणाऱ्या फर्मवेअरवर. सर्व्हरमधून काढलेलं जुनं चालेल.

मितव्ययी

खोडसाहेबांचा मान राखून थोडा विरोध नोंदवतो. दर वेळी एलएसआय हे उत्तर देण्याची आपल्याकडे सवयच लागली आहे. धागाकर्त्याला हव्यात चार जास्तीच्या डिस्क. त्यासाठी आठ लेनचं, सर्व्हरच्या पेटीत वाऱ्याच्या झोतात चालायला बनवलेलं कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

ते कार्ड स्वतःच दहाएक वॅट खातं. त्याहून वाईट म्हणजे २००८ किंवा २३०८ लावलं की प्रोसेसर सहसा खोल झोपेत जात नाही, पॅकेज सी-स्टेट (झोपेची पातळी) वरच अडकते. पॉवरटॉप चालवून कुणीही बघावं. ज्याचं मशीन दिवसातले वीस तास रिकामं बसतं, त्याच्यासाठी हा फरक कार्डाच्या स्वतःच्या वॅटपेक्षाही जड जाऊ शकतो.

एएसमीडियाचं एएसएम११६६ बघा. सहा पोर्ट, पीसीआयई ३.० च्या दोन लेन, साधा एएचसीआय (साटाची ठरलेली पद्धत), वेगळा ड्रायव्हर नाही, फर्मवेअर-मोडची भानगड नाही. दोन लेनचे मिळून सेकंदाला साधारण १,९७० एमबी, म्हणजे सहाही डिस्क एकदम पळाल्या तरी प्रत्येकीला तीनशेच्या वर. फिरत्या डिस्कला बाहेरच्या कडेलाही एवढं लागत नाही. चारच पोर्ट हवे असतील आणि स्लॉट एक लेनचा असेल तर एएसएम१०६४. जेमायक्रॉनचं जेएमबी५८५ पाच पोर्टचं आहे, तेही नीट चालतं, पण वीज वाचवण्यात एएसमीडियाच्या मागे.

वाचनमात्र

नेहमी नुसता वाचतो, आज विचारतोच. एएसएम११६६ सहा पोर्टचं, मग ती दहा आणि वीस पोर्टची कार्डं कुठून येतात? एवढी मोठी साटा चिप आहे का?

कर्नलपंत

@वाचनमात्र, नाही. तिथे पोर्ट मल्टिप्लायर असतात. एक खरी साटा चिप, आणि तिच्या पोर्टांना जेएमबी५७५ सारख्या एकाचे पाच करणाऱ्या चिप लटकवलेल्या. कार्डाच्या फोटोत एका काळ्या चौकोनाऐवजी चार-पाच सारखे चौकोन दिसले की समजायचं. एका साटा लिंकची बँडविड्थ पाच जणांत वाटली जाते, हे चालवून घेता येईल. खरी गोम अशी की त्या पाचांतली एक डिस्क अडकली आणि कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) लिंक रीसेट केली, तर तिच्या जोडीला बाकीच्या चौघींचं कामही थांबतं. रेड ५ मध्ये दोन डिस्क एकदम गेलेल्या दिसल्या की ॲरे बंद. डिस्क ठणठणीत असतात, पण ते नंतर कळतं.

@मितव्ययी, एएसएम११६६ बद्दल सहमत, एक पुरवणी. जुनं फर्मवेअर असलेली काही कार्डं आपल्याला ३२ पोर्ट आहेत असं कर्नलला सांगतात. मग बूट होताना कर्नल एकेक रिकामं दार ठोठावत बसतो. २०२४ मध्ये कर्नलमध्ये यावर मर्यादा घातली गेली, पण एएसएम१०६४ च्या मागे मल्टिप्लायर असलेल्या कार्डांवरच्या डिस्क त्यामुळे दिसेनाशा झाल्या, म्हणून ती काढून टाकावी लागली. डेटाला धोका नाही, बूट लांबतं इतकंच. नवं फर्मवेअर घातलं की जातं.

आणि ज्यांना व्हर्च्युअल मशीनला कार्ड पासथ्रू करायचं (थेट सोपवायचं) आहे त्यांनी मार्व्हेलच्या ८८एसई९१xx आणि ९२xx चिप टाळाव्यात. या चिप डीएमएच्या (थेट मेमरी वाचण्या-लिहिण्याच्या) मागण्या अशा फंक्शन नंबरने पाठवतात जे बसवर अस्तित्वातच नाही. आयओएमयू (या मागण्या तपासणारा पहारेकरी) चालू असला की तो त्या अडवतो, आणि डिस्क सापडतच नाहीत किंवा एरर येत राहतात. कर्नलच्या पीसीआय क्वर्क्समध्ये यासाठी खास यादी आहे आणि तीत एकेक मॉडेल वाढत गेलं आहे. ज्या चिपसाठी अशी यादी ठेवावी लागते ती मुद्दाम विकत का घ्या?

तारयंत्र

केबलवर कुणी बोलणार आहे का?

एलएसआयच्या ६ गिगाबिट कार्डांना एसएफएफ-८०८७ कनेक्टर असतो, ३००८ वाल्यांना एसएफएफ-८६४३. एकातून चार साटा निघतात. ती केबल 'फॉरवर्ड ब्रेकआउट' हवी. 'रिव्हर्स' दिसायला डिट्टो तशीच, पण ती मदरबोर्डचे चार पोर्ट बॅकप्लेनला (डिस्क खोचायच्या पाटीला) न्यायला असते. उलटी घेतली तर एकही डिस्क दिसत नाही, आणि लोक कार्ड परत पाठवतात.

चौथाडिस्क

एवढ्या लवकर एवढं, खूप आभार. आता माझी गळणारी डिस्क. ती मदरबोर्डच्याच पोर्टवर आहे. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, हे येतं (देवनागरीत उतरवतोय) :

एटीए४ : फेल्ड कमांड, रीड एफपीडीएमए क्यूड
एटीए४ : हार्ड रीसेटिंग लिंक
एटीए४ : साटा लिंक अप ६.० जीबीपीएस

आणि मग एमडी तिला बाहेर काढतो. परत जोडली की कित्येक दिवस गुण्यागोविंदाने नांदते. मदरबोर्डचा कंट्रोलर गेलाय असं गृहीत धरून चाललो होतो. म्हणजे सगळ्याच डिस्क नव्या कार्डावर न्याव्या?

कर्नलपंत

थांबा, थांबा. चोर सोडून संन्याशाला फाशी नको. कार्ड घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघून सांगा. स्मार्टसीटीएलमध्ये १९९ क्रमांकाचं ॲट्रिब्यूट, यूडीएमए सीआरसी एरर काउंट, वाढतंय का? आणि डिस्क एससीटी ईआरसी (सेक्टर वाचता येत नसेल तर ठरल्या वेळात हार मानण्याची सोय) पाळते का?

चौथाडिस्क

१९९ शून्य आहे. १९७ मध्ये, म्हणजे करंट पेंडिंग सेक्टरमध्ये, ८ दिसतंय. ईआरसीचं विचारलं तर बाकीच्या तीन डिस्क ७ सेकंद सांगतात, ही म्हणते 'डिसेबल्ड'.

कर्नलपंत

मग कंट्रोलर निर्दोष. काय होतंय ते सांगतो.

डिस्कला एक खराब सेक्टर लागला. ईआरसी बंद असलेली डिस्क तो वाचण्यासाठी हट्टाने प्रयत्न करत राहते, कधी दोन मिनिटं, कधी जास्त. लिनक्सचा एससीएसआय थर कमांडची वाट बघतो ३० सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की लिंक रीसेट. डिस्क अजून त्याच सेक्टरमध्ये गुंतलेली, ती रीसेटलाही दाद देत नाही, एमडीला वाटतं डिस्क मेली. ईआरसी चालू असती तर सातव्या सेकंदाला तिने 'हा सेक्टर वाचता येत नाही' असं सांगितलं असतं. एमडीने पॅरिटीवरून तो डेटा काढून त्याच जागी परत लिहिला असता आणि तुम्हाला पत्ताही लागला नसता.

उपाय : स्मार्टसीटीएलने एससीटी ईआरसी ७०, ७० करा, ते सेकंदाच्या दशांशात असतं. बहुतेक डिस्क वीज गेली की हे विसरतात, म्हणून बूटच्या वेळी चालणारा युडेव्ह नियम हवा. एखादी डिस्क ईआरसी मानतच नसेल तर उलट बाजूने जा, सिस्एफएसमध्ये त्या डिस्कचा टाइमआउट १८० करा. कुठलंही कार्ड घ्या, हे करावंच लागणार. एचबीए लावूनही डिस्क गळतात अशी ओरड असते, त्यातल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी हेच निघतं.

ईआरसी लावून झाल्यावर एमडीचा 'चेक' (सगळा ॲरे वाचून तपासणं) चालवा आणि १९७ खाली येतंय का बघा. न येता वाढत गेलं तर डिस्क बदला.

तारयंत्र

१९९ वाढत असता तर संशय केबलवर गेला असता, हे नवीन वाचकांसाठी. तो आकडा कधीच मागे येत नाही, त्यामुळे 'किती आहे' यापेक्षा 'केबल बदलल्यावर वाढायचा थांबला का' हे बघायचं.

सौदामिनी

आठ डिस्कचा विषय निघालाय तर पॉवर सप्लायचं राहून जायला नको. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते. आठ एकदम उठल्या की सोळा अँपिअर, म्हणजे नुसत्या डिस्कसाठी दोनशे वॅटच्या आसपास, काही सेकंद का होईना. एकाच वायरीवर स्प्लिटरवर स्प्लिटर लावून सगळ्या टांगल्या तर शेवटच्या डिस्कला व्होल्टेज कमी पडतं आणि ती मध्येच स्वतःला रीसेट करते. लॉगमध्ये हेही 'हार्ड रीसेटिंग लिंक' असंच दिसतं. स्मार्टमधला पॉवर सायकल काउंट मशीन बंद न करताही वाढत असेल तर वीजच बघा.

मोलेक्समधून साटा काढणारे साच्यात ओतलेले कनेक्टर तर वापरूच नका. आतल्या तारा प्लॅस्टिकमध्ये सरकून एकमेकींना लागतात आणि जळतात. ज्यात तारा वरून दाबून बसवलेल्या दिसतात ते क्रिम्प केलेले घ्या.

चौथाडिस्क

ईआरसी लावली, चेक चालवला, १९७ शून्यावर आलं! पंत, दंडवत.

आता कार्डाकडे. पोर्ट तर हवेतच. सोळा लेनचा स्लॉट मोकळाच आहे, विजेचं बिल मला तितकंसं खुपत नाही (मशीन तसंही दिवसभर राबतं), आणि एसएएस डिस्क स्वस्तात हाती लागण्याची शक्यता आहे. म्हणून मन २३०८ कडे झुकतंय. खोडसाहेब, आयटी मोड म्हणजे नेमकं काय करायचं?

मितव्ययी

एसएएस डिस्क घेणार असाल तर वादच मिटला, एलएसआयच घ्या. माझा आक्षेप रिकाम्या बसणाऱ्या मशीनपुरताच होता.

जुनं_खोड

कार्डावर दोनपैकी एक फर्मवेअर असतं. आयआर, म्हणजे थोडं रेड करणारं, किंवा आयटी, म्हणजे डिस्क नुसती पुढे सरकवणारं. आपल्याला आयटी. ९२०७-८आय मुळातच आयटी घेऊन येतं, म्हणून नवख्याला मी तेच सांगतो. एच३१० किंवा एम१०१५ घेतलं तर मूळ फर्मवेअर पुसून एलएसआयचं चढवावं लागतं. होतं ते, पण कार्डाच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा एसएएस पत्ता आधी कागदावर उतरवून ठेवा, पुसताना तो जातो आणि नंतर परत घालावा लागतो. एच३१० वर फर्मवेअर न बदलता भागवू असं म्हणाल तर त्याची कमांड रांग अवघी २५ ची आहे, रीबिल्ड चालू असताना मशीन गुडघे टेकतं.

आवृत्ती महत्त्वाची. २००८ आणि २३०८ दोघांसाठी पी२० मालिकेतली २०.००.०७.०० घ्या. पी२० ची अगदी पहिली, २०.००.००.००, ही बदनाम आहे, जुन्या कार्डांवर ती अजून सापडते. एसएएस२फ्लॅशने यादी काढली की एका ओळीत आवृत्ती आणि दुसरीत 'आयटी' दिसतं. कार्डावरून बूट करायचं नसेल तर ऑप्शन रॉम (मशीन चालू होताना चालणारा कार्डाचा कोड) घालूच नका, बूट बरंच लवकर होतं.

काही डेस्कटॉप मदरबोर्ड अशी ओईएम (डेल, आयबीएमच्या नावाची) कार्डं लावली की चालूच होत नाहीत. तिथे कार्डाच्या पीसीआयई कडेवरच्या बी५ आणि बी६ या दोन पिनांवर कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या) टेपची चिंचोळी पट्टी लावतात. त्या एसएमबसच्या पिना आहेत, डेटाशी संबंध नाही. ऐकायला अघोरी वाटतं, पण अनेकांनी केलेलं आहे.

आणि हवा. ही कार्डं मिनिटाला २०० फूट वेगाचा वारा गृहीत धरतात. घरच्या कॅबिनेटमध्ये तो नसतो. हीटसिंकवर बोट ठेवा, लगेच काढावं लागलं तर ४० मिमीचा छोटा पंखा त्यावर झिप टायने बांधा. न बांधता चालवलेली कार्डं भर उन्हाळ्यात स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) चालू असताना एकदम सगळ्या डिस्कसकट गायब होतात. एक डिस्क गेली तर डिस्क किंवा केबल, आठही एकदम गेल्या तर कार्ड. तपास इथूनच सुरू करायचा.

कर्नलपंत

ड्रायव्हर एमपीटी३एसएएस, तिन्ही चिपसाठी हाच. डेबियनमध्ये काही करावं लागत नाही. रेड हॅटवाल्यांनी मात्र जपून, आरएचईएल ८ मध्ये (२०१९) २००८ चे आयडी ड्रायव्हरमधून काढून टाकले. ईएलरेपोचा ड्रायव्हर घ्यावा लागतो. अल्मालिनक्सने ९.४ पासून जुन्या कार्डांना परत आसरा दिला आहे.

कार्ड लावल्यावर एलएसपीसीआयच्या सविस्तर आउटपुटमध्ये लिंक स्टेटसची ओळ वाचा. २३०८ साठी ८ जीटी आणि आठ लेन दिसायला हवं. दिसायला लांब असलेला दुसरा स्लॉट आतून चारच लेनचा निघतो, तेही चालेल. एका लेनवर जाऊन बसलं असेल तर आठ डिस्कना मिळून ९८५ एमबी, स्क्रब रेंगाळेल.

वाचनमात्र

एसएसडी पण त्याच कार्डावर लावली तर?

जुनं_खोड

मदरबोर्डवरच ठेवा. या कार्डांमागे ट्रिम (मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवणं) बेभरवशाचं आहे. ट्रिमनंतर त्या जागी हमखास शून्य वाचून देणाऱ्या एसएसडीलाच ते सहसा मिळतं, आणि २००८ वर तेही धड नाही. बूटची डिस्क पण मदरबोर्डवर. उद्या कार्ड काढावं लागलं तरी मशीन निदान उठेल आणि लॉग वाचता येतील.

चौथाडिस्क

शेवटचा प्रश्न. जुन्या चार डिस्क नव्या कार्डावर हलवल्या तर ॲरे ओळखेल ना? एसडीए, एसडीबी ही नावं तर बदलणार.

कर्नलपंत

एमडी नावं बघत नाही, डिस्कवरच्या सुपरब्लॉकमधला यूयूआयडी बघतो. कुठलीही डिस्क कुठल्याही पोर्टला लावा. एफएसटॅबमध्ये एसडी-काहीतरी असं लिहिलेलं असेल तर ते मात्र आधी यूयूआयडीवर आणा. झेडएफएसचा पूल नवीन बनवाल तेव्हा डेव्ह/डिस्क/बाय-आयडीमधली नावं वापरा. त्यात डिस्कचा सिरियल नंबर असतो, त्यामुळे कुठली डिस्क उपसायची हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

हलवायच्या आधी बॅकअप, मशीन पूर्ण बंद, आणि हलवल्यावर एक पूर्ण चेक. तो चालू असताना डीमेसेज दुसऱ्या खिडकीत उघडा ठेवा.

सौदामिनी

आणि प्रत्येक डिस्कच्या पुढच्या बाजूला सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवा, कॅबिनेट उघडं आहे तोवरच.

चौथाडिस्क

९२०७-८आय, दोन फॉरवर्ड ब्रेकआउट केबल आणि ४० मिमीचा पंखा मागवलाय. जुन्या चार डिस्क सध्या मदरबोर्डवरच राहतील, नव्या चार कार्डावर. चेक झाला की लिंक स्टेटसची ओळ इथे डकवतो.